अंत्यपर्वातील वसुली : होतकरूंस मार्गदर्शन

स्पर्धेतील बुद्धिबळाचा डाव जिंकावा अशी ज्या सद्गृहस्थांची मनापासून इच्छा असेल, त्यांनी वजिराचा बळी देऊन चार चालींत मात करण्याचे बालपणीचे स्वप्न प्रथम सोडून द्यावे, आणि एखाद्या परगण्यावर नव्याने नेमणूक झालेल्या मामलेदाराप्रमाणे, थकबाकी किती आणि वसुली कशी, एवढाच हिशेब मनाशी बांधून पटासमोर बसावे. एका प्याद्याची जरी सरशी मिळाली, तरी संधी साधून वजिरावजिरी उरकून घ्यावी. दोन्ही वजीर पटावरून उतरले म्हणजे प्रतिपक्षाला धोका टळल्यासारखे वाटते आणि त्याचे चित्त बरोबरीचा तह करून घरी जाण्याकडे लागते. त्याची दरखास्त आल्यास ती पुरेसा वेळ विचारात घालवून, अत्यंत नम्रपणे नामंजूर करावी.

मोहरी मारून घ्यावीत, प्यादी राखावीत, हा सामान्य नियम. परंतु काही मालमत्ता केवळ कागदोपत्रीच असते. पटाच्या कडेच्या रांगेतील प्यादे आणि त्याच्या बढतीच्या घराहून भिन्न रंगाच्या घरांवर फिरणारा उंट, एवढेच तुमच्यापाशी उरले आणि प्रतिपक्षाचा राजा त्या कोपऱ्यात जाऊन बसला, तर त्याला तेथून उठविणारे फर्मान त्रिभुवनात कोणी काढू शकत नाही.

आता राजाविषयी. वजीर असेतोवर किल्ल्यातून डोके बाहेर न काढणाऱ्या या महाराजांस अंत्यपर्वात निर्दयपणे कामास जुंपावे. याचा नमुना म्हणून न्यूयॉर्क येथील अलामॅक हॉटेलात १९२४ साली भरलेल्या स्पर्धेतील, तत्कालीन जगज्जेता कॅपाब्लांका आणि टार्टाकोव्हर यांचा डाव पटावर मांडून पाहावा. आदल्याच फेरीत कॅपाब्लांकास रेटीने हरविले होते, आणि आठ वर्षांतील ती त्याची पहिलीच हार होती. अशा प्रसंगी सामान्य माणूस दुसऱ्या दिवशी सूडबुद्धीने पट पेटवावयास निघतो, या गृहस्थाने मात्र एकेका हत्तीचे रुक्ष अंत्यपर्व पत्करले. (टार्टाकोव्हर हा वेगळ्याच प्रकृतीचा रसिक, याच स्पर्धेतील दुसऱ्या एका डावाची सुरुवात त्याने प्राणिसंग्रहालयातील ओरांगउटानाच्या सल्ल्याने केली असे सांगतात.) कॅपाब्लांकाचा हत्ती सातव्या पंक्तीत ठाण मांडून बसला होता. ३५ व्या चालीला, संकटात सापडलेले प्यादे राखण्याऐवजी, त्याने राजा पुढे काढला. काळ्या हत्तीने ते प्यादे शह देऊन उचलले, दोन चालींनी दुसरेही शह देऊनच उचलले, आणि राजा त्याची यत्किंचितही दखल न घेता पुढे चालत राहिला. ३९ व्या चालीला शत्रूचे एक प्यादे त्याच्या हाताशी आयते आले होते, परंतु ते न मारता तो त्याच्याच आडोशास उभा राहिला, कारण काळ्या हत्तीचे शह आता ते काळेच प्यादे अडवीत होते! पुढे दोन्ही प्यादी सव्याज वसूल झाली आणि ५२ व्या चालीला टार्टाकोव्हरने डाव सोडला.

ही उदारता प्रत्येकास परवडेल असे नाही. शत्रूचा राजा शेवटच्या पंक्तीत कोंडलेला नसता, तर हीच दानशूरता मूर्खपणा म्हणून नोंदली गेली असती. तेव्हा होतकरूंनी चिकाटीवर भर द्यावा, प्रतिपक्षास करण्यासारखे काही उरले नसेल तेथे घाई करू नये, मात्र ५० चालींत एकही प्यादे न हलल्यास आणि काहीच मारले न गेल्यास तो बरोबरी मागू शकतो, ही मुदत ध्यानी ठेवावी. शत्रूचा राजा एकाकी उरल्यावर त्याला शहही नाही आणि हलावयास घरही नाही, अशी अवस्था आपल्याच हाताने निर्माण करून सारी जप्ती रद्द करवून घेणारे वीर प्रत्येक स्पर्धेत असतात. त्यांच्यात आपली गणना होऊ देऊ नये.

या रीतीचा आचार्य जो कॅपाब्लांका, तो त्या स्पर्धेत साडेचौदा गुण मिळवून दुसरा आला. पहिला आलेला लास्कर त्याच्याहून दीड गुणाने पुढे होता.