बॅटरी नाहीये ही!

आमच्या सोसायटीत कोणाची गाडी सुरू होत नसली, की ते मालकाच्या आधी निदानकर काकांना कळतं. हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. खरं आडनाव आता फक्त लाइटबिलावर उरलंय. त्यांची गॅलरी पार्किंगच्या बरोबर वर येते. फ्लॅट घेताना लोक ऊन बघतात, वारा बघतात, टेकडी दिसते का बघतात. यांनी बॉनेटं दिसतात का ते बघितलं असावं, असा आमचा दाट संशय आहे. सेल्फचा पहिला आचका ऐकू आला की चहाचा कप कठड्यावर जातो, दुसऱ्याला चष्मा सापडतो आणि तिसऱ्याला वरून हुकूम सुटतो, "थांब! आता सेल्फ मारू नकोस! मी आलो!"

ते खाली पोचेपर्यंत मालक बिचारा बोलून गेलेला असतो, "बहुतेक बॅटरी गेली."

"बॅटरी नाहीये ही!"

गाडी कोणाची, कुठली, किती जुनी, काहीही न विचारता हे वाक्य येतं. गाडी म्हटली की बॅटरी आणि पोट म्हटलं की गॅस, एवढ्यावर समाधान मानणाऱ्या माणसांची त्यांना मनापासून चीड आहे. पुढे तपासात कधी बॅटरीच निघाली, तरी ते हार मानत नाहीत. "बॅटरी उतरलीय, गेलेली नाही. उतरणं वेगळं, जाणं वेगळं," असं सुनावतात. आणि पंचाईत अशी की ते खरं असतं.

काका पिंपरीला होते. एवढंच सांगून ते थांबतात आणि ऐकणारा मनातल्या मनात त्यांना इंजिन असेंब्लीवर उभं करतो. प्रत्यक्षात ते स्टोअर्समध्ये होते. पण आयुष्यभर नटबोल्टांच्या पावत्या फाडताना त्यांनी खिडकीतून जे ऐकलं, ते कारखान्यातल्या भल्याभल्यांनी ऐकलं नसेल. सोबत कापडी पिशवी असते. तीत मल्टिमीटर, दहा-अकराचा पाना, जुना टूथब्रश, व्हॅसलीनची डबी आणि काकूंच्या डब्यातून परस्पर उचललेला खायचा सोडा. याच पिशवीतून सकाळी दूध आणायचं असतं. ते बऱ्याचदा येत नाही.

पिशवी मात्र लगेच उघडत नाही. आधी हिस्टरी. शेवटची कधी चालवली? काल बंद करताना दिवे बघितले होते? नवीन काही बसवलंय? कॅमेरा, म्युझिक सिस्टिम, ट्रॅकर? मालकाला आठच्या आत स्वारगेट ओलांडायचं असतं, त्याचा एक डोळा घड्याळावर असतो. काकांचे दोन्ही बॉनेटवर. मग फर्मान, "आता एकदाच मार. एकदाच. मला ऐकू दे."

आणि ते खरोखर ऐकतात. डोळे मिटतात, मान किंचित डावीकडे कलते, मागच्या रिक्षावाल्याला हातानेच गप्प करतात. कट्-कट्-कट्-कट् असा भराभर आवाज आला तर बॅटरीत जोर नाही. सोलेनॉईड खेचला जातो, सेल्फ करंट मागतो, व्होल्टेज पडतं, सोलेनॉईड सुटतो, पुन्हा खेचला जातो. एकच दणदणीत 'टक्' आणि पुढे शांतता, तर सेल्फ स्वतः आजारी. कार्बन झिजले असतील, नाहीतर कुठलं तरी जोडकाम ढिलं. काहीच आवाज नाही पण डॅशबोर्ड लख्ख, तर स्विच, रिले, नाहीतर चावीच गाडीला ओळखू येत नाही. आणि सेल्फ खणखणीत फिरतोय पण गाडी पकडत नाही, असं असेल तर काका चक्क दोन पावलं मागे सरतात. "हे पेट्रोलचं नाहीतर स्पार्कचं. आपलं खातं नाही."

सगळ्यात जास्त वाद हॉर्नवरून होतात. "काका, हॉर्न तर मस्त वाजतोय!" असं कोणी म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावर कीव दाटून येते. हॉर्नला चार-पाच अँपिअर पुरतात, सेल्फला शंभर-दीडशे लागतात. "चार पायऱ्या चढलास म्हणून सिंहगड चढशील का?" एवढं बोलून ते हेडलाइट लावायला सांगतात आणि पुन्हा सेल्फ. दिवे एकदम मिणमिणले तर बॅटरी किंवा टर्मिनल. दिवे तसेच राहिले आणि सेल्फ हलला नाही, तर दोष पुढे कुठेतरी. या तपासणीला उपकरण लागत नाही, म्हणून ती त्यांची विशेष लाडकी.

मग टर्मिनल. मीटर लावायच्या आधी ते टर्मिनल चिमटीत धरून पिळून बघतात. हललं, की चेहरा खुलतो. हिरवट-पांढरा फुलोरा आलेला असला तर आनंदाला पारावार नाही. आधी निगेटिव्ह सोडायचं, मग पॉझिटिव्ह; लावताना उलट. गरम पाण्यात सोडा, टूथब्रशने घासायचं, फेस उठला की मालकाला जवळ बोलावून दाखवायचा, कोरडं पुसायचं, आवळायचं, वर व्हॅसलीन. बॅटरी बदलायला निघालेल्या कित्येकांचे हजारो रुपये त्या चिमूटभर सोड्याने वाचवलेत. सोड्याचा हिशेब फक्त काकूंकडे आहे.

एवढं सगळं बरोबर असूनही लोक त्यांना टाळतात. पहाटे विमानतळाला जाणारे गाडी आदल्या रात्रीच बाहेर रस्त्यावर लावतात. कारण मालकाला गाडी सुरू व्हायला हवी असते आणि काकांना ती का सुरू होत नाही हे कळायला हवं असतं. या दोन गरजा एकच आहेत असं वरवर वाटतं. तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी एकदा तोंडावर सांगितलं, "काका, पेशंटला आधी ऑक्सिजन लावतात. हिस्टरी नंतर घेतात." काका गंभीरपणे म्हणाले, "म्हणूनच तुमच्याकडे पेशंट पुन्हा येतात."

त्यांचा खरा शत्रू म्हणजे मदतीला येणारा तो पोरगा. फोन केला की स्कूटरवरून येतो, हातात मावेल एवढा लिथियमचा पॅक लावतो, म्हणतो, "मारा सेल्फ." गाडी सुरू. "बॅटरी बदलून घ्या, सर." सही घेतो, जातो. काका बाजूला उभे असतात, मीटरची लाल वायर हातात. घरात डॉक्टर असून मला विचारलं नाही, असा भाव. "सुरू झाली, ठीक. पण बंद का होती?" याचं उत्तर पोराकडे नसतं, आणि मालक तर फर्स्ट गिअरमध्ये असतो.

जंपर केबल काकांकडेही आहे, पण त्यांचा जंपर म्हणजे सोहळा. लाल चिमटा उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरा लाल चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, काळा चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि शेवटचा काळा बॅटरीला नाहीच; लांब, इंजिनच्या उघड्या लोखंडावर. बॅटरीतून हायड्रोजन सुटतो आणि शेवटच्या चिमट्याला ठिणगी उडते, ती बॅटरीपाशी नको. मग दुसऱ्याची गाडी चालू ठेवून पाच-सात मिनिटं थांबायचं. तेवढ्यात माणूस पळून जाऊ शकत नाही, हे काकांना माहीत असतं. १८५९ साली प्लांते नावाच्या फ्रेंच माणसाने शिशाची बॅटरी केली इथपासून सुरुवात. मग १९१२ ची कॅडिलॅक, केटरिंगचा विजेवरचा सेल्फ, त्याआधी हँडल. "जीपचं हँडल मारताना अंगठा कुठे ठेवायचा? बोटांच्याच बाजूला! पलीकडून धरलास आणि हँडल उलट फिरलं, तर अंगठा गेला." हवेतल्या हवेत हँडल मारून दाखवतात. पाहणारा नकळत आपला अंगठा आत घेतो.

त्यांची कीर्ती झाली ती बँकवाल्यांच्या डिकीमुळे. बँकवाल्यांची गाडी फक्त रविवारी निघते, आणि दर रविवारी मेलेली असायची. त्यांनी बॅटरी बदलली. पुन्हा तेच. दुकानदाराने टेस्टर लावून बॅटरी कमजोर दाखवली, त्यांनी पुन्हा बदलली. काकांनी तिसऱ्या खरेदीच्या आदल्या दिवशी मध्यस्थी केली. स्वतःचा मोबाइल व्हिडिओवर लावून डिकीत ठेवला, डिकी बंद केली, दोन मिनिटांनी काढला. व्हिडिओत डिकीचा दिवा सुखाने जळत होता. झाकण बंद झाल्याचं त्या स्विचला कळतच नव्हतं. काकांनी तिथेच जिन्याच्या पायरीवर हिशेब मांडला: पाच वॅटचा दिवा, १२ व्होल्टला ०.४ अँपिअर, दिवसाला दहा अँपिअर-तास, बॅटरी पस्तिसाची, चार दिवसांत सफाचट. वर वारंवार तळाला गेलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट चढतं, म्हणून टेस्टरही खोटं बोलत नव्हता. बँकवाल्यांनी आनंदाने चहा पाजला. दोन बॅटऱ्यांचं दुःख मात्र ते अजून उगाळतात.

वैगुण्यं आहेतच. इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल उपटायचं आणि गाडी चालू राहिली तर अल्टरनेटर ठीक म्हणायचं, ही पिंपरीच्या काळातली परीक्षा ते परवापरवापर्यंत घेत. आजच्या गाडीत त्याने व्होल्टेज उसळून कॉम्प्युटर जळू शकतो, हे आयटीतल्या एका मुलाने त्यांना समजावलं. ते दोन दिवस बोलले नाहीत, मग मीटर लावून दाखवायला लागले: चालू गाडीत साधारण १३.८ ते १४.४ आलं की चार्जिंग बरोबर. बंद गाडीचं मापही ते लगेच घेऊ देत नाहीत. रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. नुकतीच फिरून आलेली गाडी फुशारकी मारते.

२०२० चा लॉकडाऊन हा त्यांचा सुवर्णकाळ. सगळ्या गाड्या जागच्या जागी, मालक घरात, चाव्या काकांकडे. जागेवर पाच मिनिटं इंजिन चालवून काही होत नाही, सेल्फने खाल्लेलंही नीट भरून निघत नाही, असं त्यांनी वारंवार सांगितलं. मग एका दुपारी मास्क लावून पार्किंगभर फिरले आणि प्रत्येक गाडीचं निगेटिव्ह सोडून त्यावर फ्लॅट नंबरची चिठ्ठी बांधली. पुढे निर्बंध उठले तेव्हा बॅटऱ्या तगल्या होत्या. पण घड्याळं विस्कटलेली, काचा अर्ध्यात अडकणाऱ्या, आणि निम्म्या रेडिओंनी कोड मागितला. तो कोड कोणत्या कागदावर आहे हे शोधण्यात सोसायटीचा पुढचा महिना गेला. उन्हाळ्याबद्दल त्यांचं एक ठाम वाक्य आहे, "बॅटरी मरते मे महिन्यात, कळतं डिसेंबरात." थंडीला उगाच बोल लागतो, प्लेटा खातो तो उकाडा.

त्याच आयटीतल्या मुलाने इलेक्ट्रिक गाडी आणली, तेव्हा काका आता निवृत्त होणार अशी पार्किंगमध्ये हळूच चर्चा झाली. सेल्फ नाही, अल्टरनेटर नाही. काका तिच्याकडे न बघता जात. मग एका सोमवारी ती गाडी उघडेचना. फोनवर कालचं चार्जिंग ऐंशी टक्के, आणि समोर पडदा काळा. मुलगा सुरुवातीलाच बोलला, "काका, बॅटरी तर भरलेली आहे!"

काका पिशवीसकट खाली आले. रिमोटमध्ये लपलेली साधी चावी काढायला लावली, दार उघडलं, बॉनेट उघडलं, आणि आत आपली ती जुनी, चौकोनी, १२ व्होल्टची बसलेली. मोठ्या बॅटरीचा दरवाजा उघडणारा रिले हिच्यावर चालतो. ही उतरली की ती भरलेली असून उपयोग नाही. मीटर म्हणाला १०.९. काकांनी पार्किंगभर नजर फिरवली. दुर्दैवाने कोणी नव्हतं. गाडीची पुस्तिका वाचायला लावून, तिथे परवानगी आहे बघून, जंपर लावला. पडदा उजळला.

"आता ऐक," काका पिशवीत चिमटे भरत, पाठमोरे सुरू झाले. "ही का उतरली, हा खरा प्रश्न आहे. ही गाडी उभी असतानाही फोनशी बोलत असते. तू रात्री किती वेळा ॲप उघडतोस? दुसरं, तो डॅशकॅम कुठून जोडलाय..." तिसऱ्या मुद्द्यावर ते वळले. गाडी गेटबाहेर वळण घेत होती. तिचा आवाजच नव्हता.

उरलेलं निदान त्यांनी वॉचमनला सांगितलं. त्याच्याकडे सायकल आहे.