दोन दिवसांत तिसरा डोळा

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना असं ७५ किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत पडलं आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. वऱ्हाडात एखादं काम ठरल्या वेळेआधी संपतं, हीच आमच्यासाठी मोठी बातमी. पण वेगाचा खरा विक्रम त्या रस्त्याच्या दोन्ही टोकांना, मंगल कार्यालयांच्या एसी हॉलांत होत होता आणि गिनीजवाल्यांना त्याचा पत्ताच नव्हता. तिथे शनिवारी सकाळी आत गेलेलं साधं पोट्टं रविवारी संध्याकाळी बाहेर यायचं ते थेट अलौकिक बुद्धीचं होऊन. डोळ्यांवर काळी पट्टी, हातात चेंडू आणि पोट्टं सांगतं, ‘लाल’. नोटेवरचा नंबर वाचतं, पुस्तकातला परिच्छेद वाचतं. आई डोळे पुसते, बाप मोबाइलवर शूटिंग करतो. फी पाच आकडी, पण त्या भरात पक्की पावती मागायचं कुणालाच सुचत नाही.

या प्रकाराला म्हणतात मिडब्रेन ॲक्टिव्हेशन. माल मलेशियाकडचा, पण भारतात त्याचा खप भलता झाला. संगीत लावायचं, पोरांना नाचवायचं, अंधारात झोपवायचं, पट्टी बांधायची, की मध्यमेंदू ‘ॲक्टिव्हेट’ होतो. अट एकच, वय साधारण पाच ते पंधरा. सोळाव्या वर्षी या मेंदूला काय होतं, हे विचारलं की समोरचा सर टाय सैल करतो आणि ‘क्वांटम’ म्हणतो. क्वांटम म्हटल्यावर वऱ्हाडी माणूस पुढचं विचारत नाही. आपल्याला बारावीला फिजिक्समध्ये किती होते, हे त्याला आठवतं.

आता हा मध्यमेंदू म्हणजे काय? मेंदूच्या खोडाचा वरचा तुकडा, लांबी जेमतेम दोन सेंटिमीटर. बुबुळं फिरवणं, उजेडात बाहुली लहान करणं, मोठा आवाज झाला की मान तिकडे वळवणं, हालचालींना लगाम घालणं ही त्याची कामं. त्यातल्या ठरावीक पेशी मेल्या की पार्किन्सन होतो. म्हणजे हा अवयव जन्मापासून रात्रंदिवस चालू असतो. ज्याचा मध्यमेंदू खरोखर बंद पडतो, तो पेशंट मंगल कार्यालयात जात नाही, अतिदक्षता विभागात जातो. चालू असलेली मोटर चालू करून देण्याचे पैसे घेणारा माणूस वावरात आला असता, तर आपल्या शेतकऱ्यानं त्याला विहिरीपर्यंत नेऊन परत येऊ दिलं नसतं.

माझे साडू असेच शेतकरी. घर अकोल्यात जठारपेठेला, वावर गावाकडे. माणूस पक्का. बाजार समितीत कापसाचा ओलावा जास्त सांगितला की मशीन दुसऱ्यांदा लावायला लावतात, काटा रिकामा असताना आधी शून्यावर आहे का ते पाहतात आणि भाजीवालीकडून फुकटाचा सांबार पिशवीत पडल्याशिवाय जागचे हलत नाहीत. (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी: आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. इडली शोधू नये.) त्याच माणसाचा फोन आला.

‘‘भाऊ, या ना लवकर. पोट्ट्याचा मेंदू चालू झाला.’’

‘‘आधी बंद होता काय?’’

‘‘तसं नाही हो. मधला चालू झाला. मधला!’’

गेलो. पोरगं पाटावर बसलेलं, डोळ्यांवर पट्टी. सोफ्यावर शेजारपाजारचे, बशीत आलुबोंडे. साडूंनी लग्नाची पत्रिका पोराच्या छातीसमोर धरली आणि त्यानं मान किंचित मागे टाकून ती मुहूर्तापासून ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’पर्यंत घडाघडा वाचली. टाळ्या पडल्या. मी पत्रिका घेतली आणि कपाळाच्या उंचीवर धरली. पोरगं गप्प.

‘‘ऊर्जा तुटून रायली,’’ साडू म्हणाले.

पत्रिका खाली आणली, ऊर्जा जुळली. वर नेली, तुटली. मग मी उठून ट्यूबलाइट बंद केली.

‘‘अहो, लाइट काहून बंद केला? त्याले दिसन कसं?’’

हे वाक्य भर बैठकीत बोललं गेलं आणि त्यात कुणालाही काही वावगं वाटलं नाही. सगळ्यांनी माझ्याकडेच रागानं पाहिलं.

पट्टीच्या धंद्यात नाक हा भागीदार असतो. पट्टी कितीही करकचून बांधली तरी नाकाच्या दोन्ही बाजूंना फट उरते आणि मान थोडी वर केली की त्या फटीतून छातीजवळचा कागद सुखानं दिसतो. जादूगारांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पी. सी. सरकार डोळे बांधून सायकल चालवत, पण ते स्वतःला जादूगार म्हणवून घेत आणि तिकिटाचे पैसे उघड घेत. तिकीट काढणाऱ्यालाही आपण फसायला आलो आहोत हे माहीत असे, म्हणून तो घरी आनंदात जाई. सोव्हिएत रशियात रोझा कुलेशोव्हा नावाची बाई बोटांच्या टोकांनी छापील अक्षरं वाचते म्हणून १९६०च्या दशकात मोठा गाजावाजा झाला. मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकानं १९६६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यावर लेख लिहिला आणि नाकाच्या कडेनं डोकावण्याची गोष्ट थेट मथळ्यातच घातली. त्याला साठ वर्षं होत आली. नाक तेच, फट तीच, फी तेवढी वाढली.

अचानक बुद्धी फुटल्याची खरी उदाहरणं जगात नाहीत असं नाही. टोनी सिकोरिया हा न्यूयॉर्क राज्यातला हाडांचा डॉक्टर. १९९४ साली फोन करताना त्याच्यावर वीज पडली आणि काही आठवड्यांत त्याला पियानोचं वेड लागलं. ऑर्लँडो सेरेल दहा वर्षांचा असताना, १९७९ साली, बेसबॉलचा चेंडू त्याच्या डोक्यात लागला. नंतर तो त्या दिवसापासूनच्या कुठल्याही तारखेचा वार सांगू लागला. जेसन पॅजेटला २००२ साली गुंडांनी डोक्यात मारलं आणि त्याला जिकडेतिकडे भूमितीच्या आकृत्या दिसू लागल्या. अशी माणसं साऱ्या जगात मोजकी आणि त्यांच्याबरोबर डोकेदुखीपासून भीतीपर्यंत बरंच काही आलेलं. हे मी साडूंना सांगितलं आणि लगेच पस्तावलो, कारण ते पोराच्या डोक्याकडे आणि मग कोपऱ्यातल्या बॅटकडे पाहू लागले.

साडूंसारखा पक्का माणूस यात अडकला, त्याचं खरं कारण ‘नीट’, म्हणजे डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा. वऱ्हाडात पोरगं जन्मलं की त्याच्या कानात आधी नाव सांगतात आणि मग ‘नीट’. अकोल्यात क्लासेसच्या पाट्यांवर टॉपरांचे इतके फोटो असतात की निवडणुकीच्या उमेदवारांना जागा शोधावी लागते. वाशिम, बुलढाण्याकडची पोरं ट्रंका घेऊन इथे खोल्या करून राहतात. १८० प्रश्न, ७२० गुण, बरोबर उत्तराला चार, चुकलं की एक वजा. या गणितात बापाला दोन दिवसांचा आडमार्ग दिसला, तर तो वळणारच. पण त्याच्या लक्षात येत नाही की नीटच्या केंद्रावर पूर्ण बाह्यांचा सदरा चालत नाही, बूट चालत नाहीत, हातातलं कडं काढायला लावतात. तिथे डोळ्यांवर पट्टी बांधून बसू देतील? आणि डोळे मिटून वाचता येत असेल, तर मग पेपर सीलबंद ठेवण्यात तरी अर्थ काय? २०२४ साली पाटणा आणि हजारीबागेत नीटचा पेपर फुटला. तिथे कुणाला तिसऱ्या डोळ्याची गरज पडली नव्हती, हेही नोंदवून ठेवतो.

आणि हे कुठल्या मुलखात? याच अमरावती जिल्ह्यात १८८१ साली लोणी टाकळीला गुलाबराव मोहोड जन्मले. तान्हेपणीच दोन्ही डोळे गेले. नाकाच्या फटीचा उपयोग नाही, पट्टीची गरज नाही. चांदूर बाजार तालुक्यातलं माधान हे त्यांचं गाव. शेतकऱ्याचं अंध पोर, पण चौतीस वर्षांच्या आयुष्यात त्यानं शंभरावर ग्रंथ रचले. त्यात वेदान्त आहे, भक्ती आहे, आयुर्वेद आहे, संगीत आहे आणि डार्विन, स्पेन्सर यांच्याशी घातलेला वादही आहे. लोकांनी त्यांना प्रज्ञाचक्षू म्हटलं. ते पुस्तकावर हात ठेवून आतला मजकूर सांगत, असं भाविक सांगतात. मला त्याहून दुसरी गोष्ट मोठी वाटते. ते माणसं गाठून त्यांच्याकडून पुस्तकं वाचून घेत, ऐकलेलं डोक्यात ठेवत आणि स्वतः सांगून दुसऱ्याकडून लिहवून घेत. या पद्धतीला दोन दिवस पुरत नाहीत. त्यामुळे तिचा क्लास निघालेला नाही.

दुसरे शेंडगावचे डेबूजी, म्हणजे गाडगेबाबा. त्यांच्या कीर्तनाचा निम्मा भाग म्हणजे समोरच्यांना विचारलेले प्रश्न. देव कुठे राहतो, नवसानं पोर होतं का, कर्ज काढून सण कशाला करता? शाळेत न गेलेला हा माणूस खराट्यानं गाव झाडायचा आणि प्रश्नांनी डोकं. आम्ही त्यांचं नाव अमरावतीच्या विद्यापीठाला दिलं, प्रश्नपत्रिका विद्यापीठाकडे सोपवल्या आणि प्रश्न विचारायच्या कामातून मोकळे झालो.

कायदा आहे. २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा. नरेंद्र दाभोलकरांचा त्यासाठी जीव गेला, तेव्हा कुठे तो आला. चमत्काराचा देखावा करून पैसे उकळणं त्यात गुन्हा आहे. पण आमचे सर हुशार. ते चमत्कार म्हणत नाहीत, ‘सायन्स’ म्हणतात. तेच काम भगव्या कपड्यात केलं तर कलम लागतं, टाय लावून केलं तर अठरा टक्के जीएसटी. अंधश्रद्धा निर्मूलनवाले बिचारे वर्षानुवर्षं लाखोंच्या बक्षिसाचं आव्हान घेऊन फिरताहेत. २०२३च्या जानेवारीत नागपुरात मनातलं ओळखणाऱ्या एका महाराजांची कथा होती, तेव्हा श्याम मानवांनी ३० लाख रुपये देऊ केले. चाचणी फार अवघड नसते. शेजारच्या खोलीतली वस्तू ओळखा, अनोळखी माणसाचं नाव सांगा, एवढंच. गंमत अशी की अलौकिक शक्तीच्या माणसांना फी घ्यायला वेळ असतो, बक्षीस घ्यायला नसतो.

त्या संध्याकाळी निघताना पोरगं मला ऑटोपर्यंत सोडायला आलं. चौकात पोचल्यावर म्हणालं, ‘‘मावसाजी, मले खालून दिसते.’’

‘‘मग सरांना सांगितलं नाही?’’

‘‘सांगतलं ना. सर म्हने, दिसते म्हनजेच उघडला.’’ मग थोडं थांबून, ‘‘बाबाले सांगू नका. त्याइनं कापूस इकून पैसे भरले.’’

नऊ वर्षांचं पोर. बापाच्या मनात काय आहे ते त्यानं पट्टीशिवाय, बिनचूक वाचलं होतं आणि ही विद्या त्याला फुकटात आली होती. मी साडूंना काही सांगितलं नाही. सांगून उपयोग होता असंही नाही, कारण पुढच्या हंगामापर्यंत त्या शिबिराचं ऑफिस बंद झालं होतं. कुलूप लागणार हे एकाही ॲक्टिव्हेटेड पोराला आधी दिसलं नाही.

परवा गेलो तर बैठकीत नवा माणूस. लॅपटॉप, बोटांचे ठसे घ्यायचं यंत्र, रंगीत फाइल. आता म्हणे दहा बोटांच्या रेषांवरून मेंदूचा कुठला भाग किती टक्के आहे ते कळतं आणि पोरानं डॉक्टर व्हावं की इंजिनिअर, हे चाळीस पानी रिपोर्टात छापून येतं. साडू खूश. या वेळी पट्टी नाही, अंधार नाही, सगळं कॉम्प्युटरवर.

तेवढ्यात साडूंच्या आई घामाघूम होऊन आत आल्या. रिकामी थैली दारात टाकली. जन्मभर कापूस वेचून बोटं घासली गेलेली, रेशनच्या मशीनवर चार वेळा अंगठा लावला, चारही वेळा ‘जुळत नाही’ आलं, दुकानवाला उद्या या म्हणाला. लॅपटॉपवाल्यानं अदबीनं खुर्ची पुढे केली.

‘‘आजी, तुमचापण रिपोर्ट काढू का? सीनियर सिटिझनला सूट आहे.’’

आजीनं त्या यंत्राकडे पाहिलं. ‘‘काढ बाप्पा,’’ ती म्हणाली, ‘‘पन आधी मी कोन हाव ते त्या दुकानवाल्याले सांगून ये.’’