काकांचं लडाख आणि तो ड्रायव्हर

अहो, ऐकलंत का? जरा इकडे सरका, कुंपणापाशी. कोपऱ्यावरच्या बंगल्यातले काका-काकू लडाखहून परत आलेत. पण काका अजून कट्ट्यावर फिरकले नाहीत, लक्षात आलं का तुमच्या? मला काकूंनी सगळं सांगितलंय, मेथी निवडता निवडता...

जायच्या आधी काय थाट होता! तासातासाचा प्लॅन, प्रिंट काढून लॅमिनेट केलेला. आज विमानाने लेह, उद्या लगेच खारदुंग ला ही उंच खिंड. आता लेहच मुळी साडेअकरा हजार फुटांवर! ड्रायव्हर तिथलाच, नुब्राकडचा पोरगा. त्याने प्लॅन नीट वाचला, परत दिला आणि म्हणाला, "साहब, दो दिन आराम. गाडी नहीं निकलेगी." काका म्हणाले, पैसे मी देतोय. तर म्हणतो कसा, "रेट युनियन का है साहब, सिर आपका है." काकूंनी हसू लपवायला पदर तोंडाला लावला म्हणे.

काका धुसफुसत राहिले. आणि शेजारच्या खोलीतलं जोडपं? त्याच विमानाने आलेलं हो! दुसऱ्याच दिवशी वर गेलं आणि संध्याकाळी ओकत परत. नवऱ्याला ऑक्सिजन लावावा लागला. मग मात्र काका चूप.

त्यात फोन बंद. तिकडे बाहेरचं प्रीपेड चालत नाही, पोस्टपेडच लागतं, हे सूनबाईने किती वेळा सांगितलं होतं! शेवटी ड्रायव्हरच्या फोनवरून पुण्याला खुशाली कळवली. सूनबाई म्हणे एवढंच बोलली, "बरं." नुसतं "बरं"! आता त्या "बरं"चा अर्थ तुम्हाला-मला कळतो...

तर काय सांगत होते? हां, खारदुंग ला. काकांनी वर पोचल्या पोचल्या टी-शर्ट घेतला, 18380 फूट, जगातला सर्वांत उंच रस्ता वगैरे छापलेला. ड्रायव्हर शांतपणे म्हणाला, मोजणी केली तर साडेसतरा हजारांच्या आसपासच भरते. आणि त्याहून उंचाचं म्हणाल, तर तिकडे उमलिंग ला झालाय ना, 19024 फुटांवर! काकांचं तोंड बघायला हवं होतं. वर वीस मिनिटं झाली नाहीत तोच त्याने दोघांना गाडीत बसवलं, विरळ हवेत रेंगाळायचं नाही म्हणून.

खाली नुब्रातल्या हुंडरला तर म्हणे निव्वळ वाळवंट. वाळूच्या टेकड्या, मागे बर्फाचे डोंगर आणि दोन मदारींचे उंट! पूर्वी यारकंदहून व्यापारी यायचे, त्यांच्या तांड्यांबरोबर आलेल्या उंटांचे वंशज. काकू बसल्या हो उंटावर, गुडघे दुखतात म्हणणाऱ्या! काका खाली उभे राहून फोटो काढत होते, तेही काकूंचं डोकं कापून.

पण खरी गंमत पुढेच. नुब्राहून श्योकच्या काठाने पँगाँगला जायचं, तर हा पोरगा पहाटे पाचला दारात. काका म्हणाले, गरम पाणी येऊ दे, अंघोळ करून नऊला निघू. तो म्हणाला, "नाला नऊ बजे तक नहीं रुकता." ऊन चढलं की वर बर्फ वितळतं, दुपारी रस्त्यावरच्या नाल्यांना पाणी चढतं, मग गाडी अडकते. निघाले बिनअंघोळीचे. आणि पँगाँगला चहा पीत बसले असताना संध्याकाळी उशिरा मागची एक गाडी आली. माणसं मांडीपर्यंत भिजलेली, बायका रडवेल्या. काकांनी नुसतं ड्रायव्हरकडे बघितलं आणि आपल्या हाताने त्याला भडंग वाढलं. हो, काकांनी! भडंगाची पाकिटं मात्र त्या उंचीवर फुग्यासारखी टम्म फुगली होती, एक तर लेहला परतताना चांग ला खिंडीत गाडीतच फुटलं...

तो लॅमिनेटचा कागद कुठे गेला, विचारलं मी. काकूंनी नुसत्या भुवया उंचावल्या.

आता तुमचे हे जूनमध्ये जायचं म्हणतायत ना? पोस्टपेड सिम आजच घ्या, आणि लेहला पहिले दोन दिवस ड्रायव्हर सांगेल तसं मुकाट पडून राहायचं, हे त्यांच्याकडून आत्ताच कबूल करून घ्या.