एका बोटाचा वाद्यवृंद

मी घेतलेलं कीबोर्डचं यंत्र उत्तम आहे. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी जी कुरकुर करणार आहे ती आवाजाबद्दल नाही, हे लक्षात राहील. तानपुरा लावला की खोली भरून जाते. व्हायोलिनचा ताफा लावला की गोंदियातल्या आमच्या दोन खोल्यांत इंग्रजी सिनेमा सुरू होतो. पियानो तर इतका खानदानी वाजतो की बनियनवर वाजवायला संकोच वाटला. मी आत जाऊन शर्ट घालून आलो.

पैसे कुठून आले ते विचारू नका. धानाचा बोनस खात्यात पडला होता आणि घरात छपराच्या कवेलूंचा विषय निघाला होता, एवढंच सांगतो. कवेलूंचा विषय अजूनही निघतो.

पहिल्याच संध्याकाळी मी 'डेमो' लिहिलेलं बटण दाबलं. पुढची तीन-चार मिनिटं घरात जे काही झालं ते मी आयुष्यात वाजवलेलं नाही आणि वाजवणारही नाही. संपल्यावर भिंतीपलीकडून शेजाऱ्यांचा आवाज आला, "वा गुरुजी! हात बसला बापा तुमचा!" मी म्हणालो, "चालायचंच, थोडाफार रियाज." त्या वेळी माझा एक हात मांडीवर होता आणि दुसऱ्यात चहाचा कप होता. तेव्हापासून डेमो संध्याकाळी सातच्या सुमारास लावायचा आणि खिडकी उघडी ठेवायची, असा शिरस्ता पडला आहे. शेजाऱ्यांच्या मते माझी दिवसेंदिवस प्रगती होत आहे.

आता हे यंत्र कोणत्या कुळातलं, ते सांगायला हवं, कारण त्या जगातही वरची पंगत आणि खालची पंगत आहे. वरच्या पंगतीत वर्कस्टेशन. त्यात नाद घडवायचे, थरावर थर रचायचे, अख्खं गाणं त्याच्याच पोटात ध्वनिमुद्रित करायचं. 1988 साली कोर्ग कंपनीच्या एम-वनने हा प्रकार जगभर रुजवला. खालच्या पंगतीत अरेंजर. डाव्या हाताने कॉर्ड धरा, की मागे ड्रम, बास, गिटार सगळे हजर. हा लग्नात, गणपतीत आणि हॉटेलात वाजणार. वरच्या पंगतीतले खालच्याला वादक मानत नाहीत. 1993 साली कोर्गनेच आय-थ्री काढून दोघांना शेजारी शेजारी पाट मांडले, तरी कुजबुज थांबलेली नाही. माझं यंत्र याच मिश्र घराण्यातलं, कंपनी कोणती ते सोडा. नागपूरच्या दुकानात विक्रेत्याने विचारलं, "वर्कस्टेशन पाहिजे की अरेंजर?" मी आजूबाजूच्या चार पोरांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणालो, "वर्कस्टेशन." पोरं पांगल्यावर हळूच विचारलं, "पण मागे ताल आपोआप वाजतो ना?"

गोंदियात आल्यावर हा सगळा कुलाभिमान वाया गेला. इथे पट्ट्या असलेल्या आणि विजेवर चालणाऱ्या कुठल्याही वस्तूला कॅसिओच म्हणतात.

भजनी मंडळात यंत्राचा पहिला प्रवेश एकादशीला झाला. गाणाऱ्यांचे सूर ही आमच्याकडे मोठी भानगड असते. एक जण काळी चारमध्ये गातो, दुसरा पांढरी दोनमध्ये, तिसरा आज कुठून सुरू करेल हे त्यालाही ठाऊक नसतं. ट्रान्सपोज नावाच्या बटणाने ते सगळं चुटकीसरशी निस्तरलं, आणि मी जणू ते बटण स्वतः शोधून काढलं असावं अशा थाटात सगळ्यांकडे पाहिलं. पंचाईत भैरवीला झाली. यंत्राचा स्वभाव मुळात आनंदी. एकबोटी पद्धतीत तुम्ही नुसता सा दाबला, की ते मनानेच शुद्ध गंधार आणि पंचम जोडून मेजर कॉर्ड उभी करतं. भैरवीतला गंधार कोमल. म्हणजे उजव्या हाताने मी देवाचा निरोप घेतोय आणि डाव्या हाताखाली सगळा वाद्यवृंद वरातीत नाचतोय. मायनर हवी असेल तर आणखी एक पट्टी दाबायची, असं पुस्तकात दिलेलं आहे. पण पुस्तक चष्म्यासकट घरी होतं.

त्यात शेवटचा गजर. आमच्याकडे गजर संथ सुरू होतो आणि टाळ हळूहळू तापत जातात. बाया टाळ्या वाढवतात, एखादा उठून उभा राहतो, लय कुठल्या कुठे जाते. यंत्र 96 वर होतं. ते 96 वरच राहिलं. मंडळी विठ्ठलापाशी पोचली तेव्हा माझा ताल वाटेत रेल्वे फाटकापाशी उभा होता.

याचा अर्थ मी खट्टू झालो असं नाही. पट्टीच्या वाद्याला नावं ठेवण्याची परंपरा फार जुनी आहे. साध्या हार्मोनियमला आकाशवाणीने 1940 साली बाहेरची वाट दाखवली, कारण काय तर तिच्यावर मींड निघत नाही आणि तिचे सूर आपल्या श्रुतींशी जुळत नाहीत. तो बहिष्कार सैल व्हायला 1971 साल उजाडलं. त्यामुळे माझा कोणी अपमान केला की मी मनातल्या मनात पेटीच्या रांगेत जाऊन बसतो. शिवाय माझ्या यंत्राला मींडेसाठी डावीकडे एक चाक आहे. पहिल्या दिवशी ते मी इतकं फिरवलं की सनईला उचकी लागली.

खरं सांगायचं तर हे सगळं वेड पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतल्या नाटकाच्या ऑर्गनवाल्यापासून लागलेलं आहे, आणि त्याचा विषय निघाला की मला आवरता येत नाही. आमचं मूळ गाव अर्जुनी मोरगावच्या बाजूचं. धान कापून झालं, भाऊबीज उरकली, की गावोगाव मंडई भरायची. दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक, ते थेट होळीपर्यंत. नाटक कंपन्या वडशाच्या. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या गाडीने अर्जुनी सोडली की पुढे वडसा येतंच. रात्री दहाला पडदा वर जायचा तो तांबडं फुटेपर्यंत. रिकाम्या बांधीत मंडप, पुढे तणसावर बसलेली पोरं, मागे घोंगड्या पांघरलेले म्हातारे. पुण्यामुंबईच्या लोकांना आता आता कळलंय की इथे एवढी मोठी रंगभूमी आहे. 2023 साली इथले नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा काहींनी नकाशा काढून पाहिला असेल.

लोक नटांना पाहायला यायचे. मी ऑर्गन मास्तरला. संगीत नाटकांच्या जमान्यात ही पायपेटी मराठी रंगभूमीवर मानाची झाली आणि पुढे मोठ्या शहरांतली संगीत नाटकं आटली, तरी झाडीत ऑर्गनचं आसन हललं नाही. रंगमंचाच्या पुढ्यात, प्रेक्षकांकडे पाठ करून वादक बसायचे. ऑर्गन, तबला, ढोलकी. मास्तरचे पाय खाली भाता मारत असायचे, हात पट्ट्यांवर, आणि नजर? नजर कधीच पट्ट्यांवर नाही. ती सतत वर, नटाच्या तोंडाकडे. खलनायकाचा पाय विंगेतून बाहेर पडायच्या आत खर्जातला सूर लागलेला असायचा. नायिकेला हुंदका नीट जमला नाही, तर मास्तर तो खाली पुरा करायचा. एकदा एका नटाची भर थंडीत, पहाटे तीनच्या सुमारास, संवादाची पाटी कोरी झाली. प्रॉम्प्टर झोपला होता. मास्तरने जो सूर धरला होता तो तसाच धरून ठेवला. पाय हलताहेत, सूर चालू आहे, नट शून्यात पाहतोय, आणि बांधीभर माणसं श्वास रोखून बसलेली, कारण सगळ्यांना वाटलं की हा केवढा भारी अभिनय आहे! मग मास्तरने हळूच सूर एक पट्टी वर नेला, आणि त्या सुरासरशी नटाला वाक्य आठवलं. टाळ्या नटाला पडल्या. मास्तरने मागे हात करून बिडी मागितली.

मी तेव्हाच ठरवलं होतं की आपण ऑर्गन मास्तर व्हायचं. झालो शाळामास्तर. म्हणून निवृत्तीनंतर हे यंत्र. त्याच्यावर इंट्रो आहे, चार प्रकारची व्हेरिएशन्स आहेत, फिल-इन आहे, ब्रेक आहे, तीन तऱ्हांचं एंडिंग आहे. दुसऱ्यासाठी थांबायचं बटण मी अजून शोधतो आहे.

तालांच्या कप्प्यात मात्र मला खरोखर राग आला. 'इंडियन' असं वेगळं दालन आहे. कॅसिओ, यामाहा, रोलँड या तिन्ही जपानी कंपन्यांनी भारतासाठी म्हणून वाद्यं काढली, त्यांत तबला, सितार, तानपुरा घातले, हे मला माहीत आहे आणि त्याबद्दल आदरही आहे. माझ्याही यंत्रात भांगडा आहे, दांडिया आहे, कव्वाली आहे, फिल्मी डिस्को आहे. लावणीच्या नावाखाली एक काहीतरी आहे. आमच्याकडच्या लोकनाट्यातली दंडार नाही. खडी गंमत नाही. कचारगडच्या यात्रेत गोंडी ढोल घुमतो, त्याचा मागमूस नाही. ब्राझीलच्या बोसा नोव्हाचे मात्र चार प्रकार आहेत. ब्राझीलशी माझं वैर नाही. पण एवढा मोठा भारत कोणत्या तरी शहरातल्या वातानुकूलित स्टुडिओत भरून झाला आणि आमच्या वाटेला गाडी वळलीच नाही, हे मला झोंबलं.

यंत्रात स्वतःचा ताल भरून ठेवायची सोय आहे. म्हणून मी ढोलकीवाल्या काकाजींना बोलावलं. काकाजींनी उभी हयात दंडारीत आणि नाटकात ढोलकी वाजवली. आता अनेक कंपन्यांत ऑक्टोपॅड आलं आहे, आणि गेल्या हंगामात काकाजींना एकाही कंपनीचं बोलावणं आलं नाही. हे त्यांनी सांगितलं नाही, मला दुसरीकडून कळलं. ते धुतलेला सदरा घालून, ढोलकी फडक्यात गुंडाळून आले. शाई जरा उन्हाला धरली, बोटांना पाणी लावून पुडी चाचपली, आणि माइककडे संशयाने पाहत म्हणाले, "का वाजवू गुरुजी?"

"दंडारीचं."

वाजवलं. माझ्या घरात असं काही पूर्वी वाजलं नव्हतं, डेमो धरून. यंत्राने त्यातल्या चार आवर्तनांचा तुकडा घेतला आणि तोच तोच फिरवायला सुरुवात केली. काकाजी थोडा वेळ मान डोलावत राहिले. मग मान थांबली. म्हणाले, "हा मानूस येकच गोठ कितीक वेरा सांगते?"

मी त्यांना सांगितलं की अजून एक जादू आहे. 'क्वांटाइझ' दाबलं. यात प्रत्येक ठोका यंत्र आपल्या आखलेल्या रेघेवर ओढून बसवतं. काकाजींचा एक ठोका नेहमी किंचित मागे पडतो. पडतो म्हणजे ते पाडतात. दंडारीतली पोरं त्या जागेवर पाय उचलतात. यंत्राने तो सरळ केला. आता ताल अगदी शुद्ध आला, आणि त्यावर कोणाचाही पाय उचलला गेला नसता. काकाजी बराच वेळ ऐकत राहिले. मग ढोलकी फडक्यात गुंडाळत म्हणाले, "चांगला वाजवते तो. आता तुमाले कोनी लागत नाही." यात टोमणा नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं.

क्वांटाइझ काढून टाकलं आहे. चहा झाला, पुन्हा ढोलकी निघाली, आणि त्या संध्याकाळी ते वाजवत होते आणि मी नुसता ऑर्गनचा एक आवाज लावून त्यांच्या हाताकडे पाहत बसलो होतो. अख्खा वाद्यवृंद बंद. पट्ट्यांकडे न पाहता वाजवणं भयंकर अवघड असतं, निदान मला तरी. पलीकडून शेजारी म्हणाले, "गुरुजी, आज बरोबर नाही वाजून रायलं. काही बिघडलं का?"

आता कंपनीच्या कोणा साहेबाच्या वाचनात हे आलं, तर त्यांना एकच विनंती. पुढच्या मॉडेलात 'इंडियन' दालन वाढवायचं मनात असेल, तर भाऊबीज ते होळी या दिवसांत इकडे या. मुंबईहून विदर्भ एक्सप्रेस थेट गोंदियापर्यंत येते, पुढे अर्जुनीला उतरायची सोय मी करतो. जेवण नऊला, नाटक दहाला. रेकॉर्डिंगचं सामान आणा, मानधन रोख आणा, ते काकाजींच्याच हातात द्या, आणि येताना एक जाड घोंगडी घ्या. पहाटे बांधीत फार थंडी असते.