डब्याचं वजन वजा करा

कोथरूडमधले बहुतेक बंगले पाडून तिथं इमारती उभ्या राहिल्या. जे थोडे वाचले, ते मालकांच्या भावाभावांतल्या दाव्यांमुळे. अशाच एका वाचलेल्या बंगल्याच्या गॅरेजात आमच्या गल्लीतलं हरित दुकान आहे. भाऊबंदकीनं पर्यावरणाला एवढा हातभार दुसरीकडे कुठं लावल्याचं ऐकिवात नाही. आत रिठ्याचं द्रावण, शिकेकाई, लाकडी घाण्याचं करडईचं तेल, काथ्याच्या घासण्या, बांबूचे टूथब्रश, वाळ्याच्या जुड्या असा माल. दुकान चालवणाऱ्या ताई आयटीतली नोकरी सोडून मनःशांतीसाठी या धंद्यात आल्या. ती त्यांना रोज सकाळी साडेदहापर्यंत मिळते. साडेदहाला शटर अर्धं वर गेलं की खालून वाकून काका आत येतात.

काकांना नाव आहे, पण इथं त्याची गरज नाही. कारण हे गृहस्थ एकटे नाहीत. ठाण्यात नौपाड्याला, नाशकात गंगापूर रोडला, डोंबिवलीत फडके रोडच्या आसपास, जिथं म्हणून असं दुकान निघतं तिथं आठवडाभरात एक काका उगवतात. वय पासष्टीच्या पुढे. बँकेतून निवृत्त, आणि शेवटची काही वर्षं अंतर्गत तपासणी खात्यात. खांद्याला कापडी पिशवी, त्या पिशवीत घडी घातलेली दुसरी पिशवी आणि दुसरीत स्टीलचा डबा.

"ताई, अर्धा किलो नाचणी. डब्याचं वजन वजा करा."

ताई डबा काट्यावर ठेवून बटण दाबतात. आकडा शून्यावर येतो. काकांचा बटणावर विश्वास नाही. "शून्य ठीक आहे हो, पण मुळात किती दाखवत होता?" मग ते डबा उलटा करून ताईंच्या नाकासमोर धरतात. बुडावर कुणाच्या तरी मुंजीप्रीत्यर्थ सप्रेम भेट असं कोरलेलं असतं आणि त्याखाली, नव्या टोच्यानं, '२१४ ग्रॅम'. घरातल्या झाडून सगळ्या डब्यांवर काकांनी नावं घालणाऱ्याकडून वजनं घालून घेतली आहेत. त्या बिचाऱ्यानं पहिला डबा हातात घेताना नेहमीच्या सवयीनं विचारलं होतं, "कुणाच्या स्मरणार्थ?"

नाचणी झाली की तपासणी सुरू.

"हा ब्रश बांबूचा?"

"हो काका."

"आणि केस?"

ताई गप्प.

"नायलॉनचे ना?"

"नायलॉनचे."

"म्हणजे हातात धरायचा भाग पर्यावरण आणि तोंडात घालायचा भाग प्लास्टिक." काका ब्रश खाली ठेवतात. "बरं, ही तागाची पिशवी कुठली?"

"बंगालची."

"आली कशी?"

"ट्रकनं."

"ट्रक डिझेलवरच असणार."

एकदा ताई वैतागून म्हणाल्या, "काका, पुढच्या वेळी बैलगाडीनं मागवते." काकांनी चष्मा वर केला आणि गंभीरपणे विचारलं, "किती दिवस लागतील?"

एवढं सगळं झाल्यावर काका ब्रश घेतात. चार घेतात. तपासणी खात्यात शेरा मारला म्हणून शाखा बंद करायची नसते, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

पिशव्यांचं प्रकरण जरा नाजूक आहे. प्रत्येक प्रदर्शनात, व्याख्यानात, सुती कापडाच्या दुकानांच्या प्रत्येक उद्घाटनात काकांना एक कापडी पिशवी मिळत गेली. काकूंनी दिवाळीच्या आवराआवरीत मोजल्या तेव्हा सेंद्रिय कापसाच्या ३१ निघाल्या. त्याच सुमाराला त्यांच्या भाच्यानं काकांना डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याचा २०१८ चा अहवाल पाठवला. भाचे या कामासाठीच असतात. सगळे निकष धरले तर सेंद्रिय कापसाची पिशवी निदान २०,००० वेळा वापरली पाहिजे, तेव्हा कुठं ती साध्या पातळ प्लास्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला येते, असं त्यात म्हटलं आहे. काकूंनी तिथंच हिशेब केला: दिवसाला एक फेरी धरली तर एका पिशवीला जवळजवळ ५५ वर्षं, ३१ पिशव्यांना सतराशे. वाकाटकांच्या राज्यात भाजी आणायला निघालेला माणूस आत्ता कुठं घरी पोचला असता.

दुसरा कुणी असता तर खचला असता. काकांनी रात्री जागून अहवालाची परिशिष्टं वाचली आणि सकाळी चहाला विजयी मुद्रेनं आले. "तो वीस हजारांचा आकडा ओझोनच्या निकषामुळे चढलाय. नुसतं हवामान धरलं तर १४९ वेळा पुरे."

"म्हणजे एकूण?"

"साडेबारा वर्षं. तेवढी मला झेपतील."

तेव्हापासून ते बाजाराच्या दोन फेऱ्या करतात. एकीत कोथिंबीर, दुसरीत मिरची.

महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी प्रत्यक्ष लागू झाली ती २३ जून २०१८ ला. आमच्या भागात तो दिवस दोघांच्याच लक्षात आहे: काकांच्या आणि कोपऱ्यावरच्या भाजीवालीच्या. काका अधिसूचनेची प्रत घेऊन तिच्या गाडीपाशी उभे राहिले आणि पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये दंड असल्याचं त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती कोथिंबिरीच्या जुड्यांखाली पातळ पिशव्यांचा गठ्ठा ठेवते, हे सगळ्या कोथरूडला माहीत होतं. पण कोथिंबीर उचलून बघायची असते, हे फक्त काकांना सुचलं. आज ती त्यांना लांबून येताना बघते आणि न विचारता कढीपत्ता फुकट घालते. याला पर्यावरणरक्षण म्हणायचं की हप्ता, हे काकांनी अजून तपासलेलं नाही.

दुकानाचा खरा बहर रविवारी. त्या दिवशी गॅरेजात सतरंजी अंथरली जाते आणि काहीतरी घडतं. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी, कर्टुली अशा रानभाज्या येतात, आणि 'ही कशी करायची' या प्रश्नावर जमलेल्या बायकांत दोन तट पडतात. कधी जुन्या कपड्यांची अदलाबदल, कधी बियाण्यांची. गावठी बियाणी जपणाऱ्या, अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना पद्मश्री मिळाल्यापासून गावठी वालाला शहरात भलताच मान आला आहे. बियाण्यांचा नियम साधा: आज मूठभर न्या, पीक आल्यावर दोन मुठी परत करा. काकांनी मूठभर वाल नेले, गॅलरीत लावले आणि हंगामाअखेर सात दाणे पाकिटात घालून आणून दिले. पाकिटावर लिहिलं होतं, 'अंशतः परतफेड. बाकी येणे.'

गणपतीच्या आधी शाडूच्या मूर्तींची कार्यशाळा होते. मुलं मूर्ती करतात आणि काका व्याख्यान देतात. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात विरघळत नाही, मग आपल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं अमोनियम बायकार्बोनेटची युक्ती काढली, त्यातून शेवटी खत मिळतं, हे ते तन्मयतेनं सांगत असताना एका चिमुरडीनं विचारलं, "काका, तुमच्या गणपतीची सोंड कुठंय?"

"वाळताना पडली."

"मग तो गणपती आहे हे कसं कळणार?"

"उंदरावरून," काका म्हणाले. उंदीर खरोखरच छान जमला होता.

विसर्जन अर्थात घरी, बादलीत. तळाशी बसलेला शाडू फडक्यात गाळून काकांनी पुन्हा वापरण्यासाठी दुकानात जमा केला आणि वजन करून घेतलं. नेला तेव्हा दोन किलो, आणला तेव्हा एक किलो आठशे. दोनशे ग्रॅमचा फरक त्यांनी वहीत 'सोंड व इतर घट' या सदराखाली दाखवला आहे.

साफसफाईच्या जैव-एन्झाइमच्या रविवारी मात्र गडबड झाली. कृती सोपी आहे: एक भाग गूळ, तीन भाग संत्र्या-मोसंब्याच्या साली, दहा भाग पाणी, नव्वद दिवस मुरू द्यायचं. पहिला महिना आत वायू तयार होतो, म्हणून रोज झाकण सैल करायचं. ताईंनी बजावून सांगितलं होतं, "बाटली प्लास्टिकची घ्या, काच फुटते." हरित दुकानात प्लास्टिकची शिफारस व्हावी, याचा काकांनी लेखी निषेध नोंदवला आणि काकूंची लोणच्याची काचेची बरणी घेतली. मग दोन दिवस ते भाचीच्या साखरपुड्याला साताऱ्याला गेले. झाकण सैल करायचा निरोप काकूंना द्यायचा राहिला. तिसऱ्या रात्री स्वयंपाकघरात जो आवाज झाला, त्यानं खालच्या मजल्यावरचे लोक गॅस बंद करून जिन्यात आले.

"तीस वर्षं त्या बरणीत लोणचं होतं," काकू म्हणाल्या. "लोणच्यानं कधी तक्रार केली नाही."

काका काचा गोळा करत होते. थोड्या वेळानं म्हणाले, "पण ओटा बघ किती स्वच्छ निघालाय."

काका सगळ्यांना शिकवतात, पण त्यांनाही शिकवणारी एक व्यक्ती आहे: आमच्या सोसायटीत कचरा न्यायला येणाऱ्या 'स्वच्छ' संस्थेच्या मावशी. काका दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून, दहा-दहाचे गठ्ठे करून देत. मावशींनी एक गठ्ठा उलटापालटा केला. "काका, कोपरे कुठं गेले?"

"कसले कोपरे?"

"तुम्ही पिशवीचा कोपरा कापून टाकता. पिशवी मी विकते. तेवढासा तुकडा कुणाच्या हाती लागतो? तो जातो गटारात. कोपरा तोडू नका, नुसता चिरा. लटकत राहू दे."

काकांनी वही काढली आणि तारीख घालून हे लिहून घेतलं. मग आठवडाभर ते दारोदारी हिंडले. बेल वाजवायची, दार उघडलं की हातातली पिशवी दाखवायची, कात्रीनं अर्धी चीर मारायची, कोपरा लटकवून दाखवायचा आणि पुढच्या दाराकडे वळायचं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना वाटलं, काका दूध विकायला लागले. त्यांनी एक लिटरचा रतीब सांगितला. पण आता आमच्या इमारतीतून मावशींना मिळणाऱ्या बहुतेक पिशव्यांना कोपरा असतो.

काकांसारख्या माणसांना हसणं सोपं असतं, आणि आम्ही सगळे ते मनापासून करत आलो आहोत. पण घनकचऱ्याचे नियम २०१६ मध्येच आले. ओला-सुका वेगळा करा, हे त्यांत स्पष्ट लिहिलं होतं. गांडूळखताचा प्रकल्प केला तर पुणे महापालिका मिळकतकरात पाच टक्के सवलत देते. तेवढ्यासाठी सोसायट्या खड्डा बांधतात, फोटो काढतात, सवलत मिळते आणि मग खड्ड्यावर पार्किंग होतं. नियमाला कागद पुरतो, खताला पुरत नाही. कुणीतरी रोज झाकण उघडून आत नाक घालावं लागतं. फार ओलं झालं की वास येतो, मग वाळकी पानं घालायची. फार कोरडं झालं की कुजत नाही, मग पाणी शिंपडायचं. अळ्या दिसल्या तर किंचाळायचं नाही, त्या कामाला आलेल्या असतात. हे सगळं कळणारा आणि मुख्य म्हणजे लाज न बाळगणारा माणूस इमारतीत एखादाच असतो. रस्त्यावर पानं जाळणाऱ्या झाडूवाल्याला थांबवून, ती पोत्यात भरून, भर दुपारी डोक्यावरून घरी आणायला सद्‌गुणापेक्षा निगरगट्टपणा जास्त लागतो. काका त्यात कुठंच कमी नाहीत.

अशा माणसावाचून चालत नाही, याचा पुरावा गेल्या उन्हाळ्यात मिळाला. काका महिनाभर मुलीकडे बंगळुरूला गेले. जाताना त्यांनी सोसायटीच्या खताच्या खड्ड्याजवळ चार पानी सूचना डकवल्या होत्या. त्या वाचायच्या असतात हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. पहिला आठवडा सोसायटीत सुखाचा गेला. ओल्या कचऱ्यात डायपर टाकल्याबद्दल कुणाची चौकशी नाही, की जिन्यात व्याख्यान नाही. दुसऱ्या आठवड्यात वास आला. तिसऱ्यात सभा भरली आणि वासाचं कारण शोधण्यासाठी तीन जणांची उपसमिती नेमली गेली. उपसमितीनं खड्ड्यापर्यंत जायला नकार दिला. शेवटी अध्यक्षांनीच फोन लावला. 'त्या म्हाताऱ्याला कुणीतरी आवरा' असं दर सभेत म्हणणारे तेच.

"काका, परत कधी येताय?"

"काय झालं?"

"काही नाही, सहजच. जरा... वास येतोय."

"कसला? आंबूस की अंड्यासारखा?"

अध्यक्षांनी खिडकीतून बाहेर नाक काढलं. "अंड्यासारखा."

"हवा बंद झालीय. ढवळा आणि पानं घाला. पोती जिन्याखाली आहेत, डावीकडे."

"तुम्हीच या ना काका. हवं तर सोसायटी विमानाचं तिकीट काढेल. दीड तासात पोचाल."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग काकांचा आवाज आला. तो दुखावलेला होता.

"विमान? खतासाठी? मी उद्यान एक्स्प्रेसनं येतो. तोवर तुम्ही ढवळा. आणि ढवळायच्या आधी खड्ड्यात किती माल आहे ते मोजून ठेवा. बादलीनं मोजा." ते क्षणभर थांबले. "बादलीचं वजन वजा करा."