काखेत बंदर, गावाला वळसा

काळाचौकीच्या माणसाला समुद्राचं अप्रूप नसतं, कारण तो त्याला दिसतच नाही. अभ्युदय नगरातून निघून कॉटन ग्रीन स्टेशन ओलांडलं की पलीकडे समुद्र आहे, असं नकाशा सांगतो. डोळ्यांना दिसतात ती कापसाची जुनी गोदामं, बीपीटीची भिंत, रांगेत उभे असलेले ट्रेलर आणि त्यातल्या एकाच्या सावलीत डबा उघडून बसलेला क्लीनर. बंदर म्हणजे भिंत, गेट, गोदाम आणि खानावळ, हे ज्ञान इथे शाळेत जायच्या आधीच मिळतं. हाच माणूस निवृत्तीनंतर मुलांच्या आग्रहाखातर सिंगापूरहून सुटणारी चार-पाच रात्रींची क्रूझ घेतो, जहाज मलेशियात पोर्ट क्लांगला लागतं, आणि समोरची भिंत, गोदामं, ट्रेलर पाहून तो म्हणतो, "हे काय? क्वालालंपूर कुठाय?" क्वालालंपूर तिथून चाळीसेक किलोमीटर आत आहे. मग तो बसमध्ये बसतो आणि उरलेला दिवस त्या बसच्या खिडकीतून आशिया खंड बघतो. माझं म्हणणं असं, की आशियातली बंदरं कशी बघावीत याचं शिक्षण काळाचौकीच्या माणसाला फुकट मिळालेलं आहे. ते त्याने घरी ठेवून जाऊ नये. जहाज जिथे लागतं तिथेच उतरावं, तिथेच फिरावं आणि माहितीपत्रकावर छापलेल्या राजधानीच्या मागे धावू नये.

माहितीपत्रकाचा भूगोल हा स्वतंत्र विषय आहे. त्यात 'बँकॉक' असं ठळक अक्षरात लिहिलेलं असतं आणि जहाज लागतं लेम चबांगला. मोठी जहाजं चाओ फ्राया नदीतून बँकॉकपर्यंत जाऊ शकत नाहीत, म्हणून हे समुद्रकाठचं बंदर. तिथून बँकॉक सव्वाशे किलोमीटर, म्हणजे सीएसएमटीहून रेल्वेने लोणावळा जेवढं, जवळपास तेवढंच. सायगाव म्हणून जे दाखवतात ते फू मी, शहरापासून दीड-दोन तासांवर. सोल म्हणजे इंचॉन. बीजिंग म्हणजे तिआनजिन, आणि तिथून बीजिंग दीडशे किलोमीटरच्या वर. हे कळल्यावरही लोक निघतात, म्हणून जरा हिशेब मांडू. जहाज सकाळी ८ ला लागतं आणि संध्याकाळी ६ ला सुटतं, म्हणजे कागदावर १० तास. त्यातला एक तास उतरण्यात, रांगेत आणि कुटुंबातल्या एकाची टोपी केबिनमध्ये राहिली म्हणून परत वर जाण्यात जातो. सुटायच्या तासभर आधी परतलेलं बरं, म्हणून दुसरा तास गेला. जाण्यायेण्याचे चार, तेही बँकॉकच्या ट्रॅफिकने मेहेरबानी केली तर. उरले चार. त्यातला एक जेवणाचा आणि जवळजवळ एक रत्नांच्या त्या दुकानाचा, जिथे बस 'फक्त स्वच्छतागृहासाठी' थांबते आणि बाहेर पडण्याचा रस्ता नीलमच्या काउंटरवरूनच जातो. हाती राहिले दोन तास. दोन तासांत बँकॉकच काय, अख्खा लालबाग बाजारही होत नाही.

हीच गोष्ट उलटी करून बघितली की तिच्यातला विनोद कळतो. बॅलार्ड पियरला परदेशी जहाज लागतं तेव्हा त्यातली माणसं वातानुकूलित बसने गेटवे, मणिभवन, महालक्ष्मीचा धोबीघाट अशी ठरीव प्रदक्षिणा घालतात. काही जहाजं तर मुंबईत उतरवून विमानाने ताजमहाल दाखवून आणण्याची सोय देतात. मुंबईच्या धक्क्यावर पाय ठेवायचा आणि आग्र्याला जायचं! आपण याला हसतो आणि आपलं हसणं रास्त आहे. त्या पाहुण्याने कुणाला विचारलं असतं, तर काळाचौकीतल्या कुणीही सांगितलं असतं: बाबा, बॅलार्ड इस्टेटच्या सावलीतल्या रस्त्यांवर तासभर चाल, टॅक्सीने भाऊच्या धक्क्यावर जाऊन माशांचा लिलाव बघ. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ रसूल यांनी एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या धक्क्याचं नाव तो अजून चालवतो. थंडीचे दिवस असतील तर शिवडीच्या चिखलात फ्लेमिंगो बघ, लालबागला ये, चिवडा गल्लीतून पुडा घे आणि वेळेवर जहाज गाठ. यात मुंबई जेवढी भेटते तेवढी धोबीघाटाच्या पुलावरून फोटो काढून भेटत नाही. दुसऱ्याला जो सल्ला आपण इतक्या खात्रीने देऊ, तो स्वतः क्लांगला उतरल्यावर का विसरतो, याचं उत्तर मला एकच दिसतं: परदेशात गेल्यावर माणूस आधी स्वतःच्या अकलेला रजा देतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. एवढे पैसे भरून गेलो आणि पेट्रोनासच्या मनोऱ्यांसमोर फोटो नाही, तर सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचं काय? आक्षेप खोटा नाही. फोटो ही आपल्याकडची पोचपावती आहे. पण त्या मनोऱ्यांचा फोटो ग्रुपवर आधीच सात जणांचा पडलेला असतो, सातही जण एकाच जागी, एकाच कोनातून, मान मागे टाकून. क्लांग गावातल्या जालान तेंग्कू केलानावरच्या लिटल इंडियाचा फोटो मात्र कुणाकडेच नसतो. तिथली हारवाल्यांची दुकानं, साड्यांच्या राशी आणि केळीच्या पानावरचं जेवण बघून निदान दोन माणसं तरी विचारतील, "हे कुठलं?" विचारणारं कुणी भेटणं, हे ग्रुपवरचं मोठंच यश. लेम चबांगहून जवळच सी राचा आहे. सॉसच्या बाटलीवर ज्या गावाचं नाव वाचतो तेच हे गाव. समुद्रातल्या को लोई नावाच्या बेटावर पुलावरून चालत जाता येतं, वर देऊळ आहे, खाली मासळीची हॉटेलं. तिथे दुपारी कुणी नीलम विकायला येत नाही.

अपवाद आहेत आणि ते कबूल करायला हवेत. योकोहामाहून टोकियो रेल्वेने अर्ध्या-पाऊण तासावर, तैवानच्या कीलुंगहून तैपेई लोकलने पाऊण तासावर. जपानी गाडीचं वेळापत्रक पाळलं जातं, म्हणून तिथे खुशाल जावं. हालाँगमध्ये बंदराशेजारचा उपसागर हेच बघायचं असतं, त्यामुळे वाद मिटतो. आणि ज्यांना आयुष्यात पुन्हा थायलंडला जाण्याचा योग नाही असं मनापासून वाटतं, त्यांनी बँकॉकला जरूर जावं. मात्र जहाजाच्याच सहलीने. ती महाग असते, तिच्यात गाइड विनोद करतो, पण तिची बस अडकली तर जहाज थांबतं. तुम्ही स्वतः ठरवलेल्या टॅक्सीसाठी ते थांबत नाही. धक्क्यावर उभं राहून आपलं जहाज जाताना बघण्याची वेळ आली, तर पुढचं बंदर स्वतःच्या खर्चाने विमानाने गाठावं लागतं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर: बंदराचा भाग घाणेरडा, धोक्याचा, दलालांनी भरलेला असतो. असतो की! पण हे लालबाग-परळच्या माणसाने म्हणावं? ज्याने दादर स्टेशनबाहेर सुट्टीच्या दिवशी टॅक्सी मिळवली आहे, त्याला आशियात घाबरण्यासारखं फारसं काही उरत नाही. क्रूझ टर्मिनलच्या दाराशी फोटोंचा लॅमिनेट केलेला पुठ्ठा नाचवत जो पहिला माणूस येतो, त्याचा भाव हा भाव नसून चाचणी असते. दोन मिनिटं पुढे चालावं. सिंगापूर, मलेशिया, थायलंड, व्हिएतनाममध्ये ग्रॅब नावाचं अ‍ॅप चालतं, त्यावर भाडं आधीच कळतं. मात्र कामाच्या बंदरात आतल्या आत पायी फिरू देत नाहीत, गेटपर्यंत शटल बसने जावं लागतं. आपल्याकडेही ग्रीन गेट, ऑरेंज गेट, यलो गेटमधून कुणी हवा खायला आत जात नाही, तेव्हा यात अपमान वाटून घेऊ नये. उलट ज्या गेटने बाहेर पडलो त्याचा नंबर आणि स्थानिक लिपीतल्या पाटीचा फोटो घेऊन ठेवावा. परतताना टॅक्सीवाल्याला "शिप, बिग शिप" असं हातवारे करून सांगण्यापेक्षा तो फोटो दाखवणं कमी थकवणारं असतं.

आणि काही बंदरं अशी आहेत की तिथे बसमध्ये बसणं हाच गुन्हा. पेनांगला जहाज स्वेटनहॅम पियरला लागतं आणि पियरबाहेर पडलं की समोर जॉर्ज टाउन. २००८ पासून हे शहर जागतिक वारसा यादीत आहे, किल्ला शेजारी आहे, गावात फुकट बसही फिरते. पियरपासून चालत जाण्याच्या अंतरावर चिनी आडनावांचे धक्के आहेत: पाण्यात रोवलेल्या खांबांवर लाकडी घरं, मधून फळ्यांची वाट, दारात वाळत टाकलेले कपडे, उंबऱ्याशी लाल देव्हारा आणि त्यात जळणारी उदबत्ती. च्यू आडनावाचा धक्का वेगळा, लिमांचा वेगळा, टॅनांचा वेगळा, आणि ज्यांचं आडनाव कुठेच बसत नाही त्यांच्यासाठी एक मिश्र आडनावांचा धक्का. बंदरावर मालाची चढउतार करायला आलेली ही माणसं गावच्या, भावकीच्या आधाराने एकत्र राहिली. गिरणगावात कोकणातल्या एकेका गावाची खोली असायची, पाळीपाळीने झोपणारे चाकरमानी आणि भिंतीवर ओळीने ट्रंका, त्याचंच हे पाण्यावरचं रूप. ही वस्ती बघून जे काळाचौकीच्या माणसाला कळेल ते स्वित्झर्लंडच्या पर्यटकाला सात जन्मांत कळणार नाही. तो मात्र तिथे तासभर उभा असतो आणि आपली मंडळी पेनांग हिलच्या रांगेत.

खाण्याचा आक्षेप घराघरातला आहे: जहाजावरच्या जेवणाचे पैसे भरलेत, मग बाहेर का खायचं? या तर्कशास्त्रापुढे भलेभले हात टेकतात. दुपारी एकच्या बुफेसाठी अकराला फिरणं थांबवून परतणारी कुटुंबं आहेत, आणि ती नंतर म्हणतात की बंदरात काही नव्हतं. भरलेले पैसे परत मिळवण्याची ही पद्धत पोटाला महाग पडते. बुफे रात्रीही असतो, हवं तर मध्यरात्रीही काही ना काही मांडलेलं असतंच. पेनांगची आणि क्लांगची केळीच्या पानावरची थाळी जहाजावर मिळत नाही. शाकाहारी मंडळींनी तर बंदरातला लिटल इंडियाच गाठावा, कारण जहाजावरच्या 'व्हेज'मध्ये कुठला सॉस आहे हे शेफलाही खाली जाऊन विचारावं लागतं.

घड्याळाबद्दल मात्र विनोद नको. सिंगापूर-मलेशियाचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे, थायलंडचं दीड तास. सिंगापूरहून निघालेलं जहाज पुष्कळदा सिंगापूरचीच वेळ चालवतं. फुकेतला उतरलं की खिशातला फोन आपणहून थायलंडची वेळ दाखवतो, म्हणजे फोनमध्ये ४ वाजलेले असतात तेव्हा जहाजावर ५. म्हणून साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावावं आणि त्याच्यावरच विश्वास ठेवावा. शिवाय फुकेतला जहाज बरेचदा पातोंगसमोर खोल पाण्यात नांगर टाकतं आणि लहान बोटींनी किनाऱ्यावर नेतात. कोकणात जिथे धक्का नव्हता तिथे आगबोट बाहेर उभी राहायची आणि पडावातून उतरावं लागायचं, तसलाच हा प्रकार. फक्त इथे बोट लागली तर थंड पाण्याची बाटली देतात. या बोटींची शेवटची फेरी जहाज सुटण्याच्या बरीच आधी असते आणि तिला सगळ्यांत लांब रांग असते.

प्रवासाच्या इंग्रजी पुस्तकांत 'व्हिसा लागत नाही' असं वाक्य दिसलं की ते आपल्या पासपोर्टसाठी लिहिलेलं नाही असं धरून चालावं आणि प्रत्येक देशाचा नियम तिकिटाच्या आधी तपासावा. सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच परतणारी क्रूझ म्हणजे त्या देशात दोनदा प्रवेश, तेव्हा व्हिसा अनेक वेळा प्रवेश देणारा हवा. आशियात जहाजवाले पासपोर्ट स्वतःकडे जमा करून घेतात, म्हणून झेरॉक्स खिशात असू द्यावी. समुद्रात असताना फोन विमान मोडवर ठेवावा, जहाजाच्या नेटवर्कचं बिल साध्या रोमिंग पॅकमध्ये बसत नाही.

शेवटचं सामानाबद्दल. क्रूझचा हंगाम नेमका दिवाळीच्या आगेमागे असतो आणि आपल्या बॅगेत अनारसे, करंज्या आणि लालबागच्या डंक्यावर कुटून आणलेल्या मालवणी मसाल्याची पुडी असते. या तिन्हींत खसखस असते. खसखस हे अफूच्या झाडाचं बी, आणि सिंगापूरला किंवा दुबईला ती घेऊन जाणं मना आहे. फराळापायी कस्टमच्या खोलीत बसून 'अनारसा' ही काय चीज आहे ते समजावण्याची वेळ कुणावर येऊ नये. मसाला घरी ठेवा, अनारसे शेजाऱ्यांना वाटा, आणि चिवडा न्यायचा असेल तर त्यात खसखस घातलेली नाही ना, एवढं गल्लीतल्या दुकानदाराला विचारून मगच पुडा बांधायला सांगा.