धारकर

त्याचं खरं आडनाव निराळं आहे, पण तोक्योतल्या निशी-कासाईच्या मराठी मंडळींत सगळे त्याला धारकरच म्हणतात. दिवसा तो कुठल्याशा बँकेची संगणकप्रणाली सांभाळतो. उरलेला वेळ सुऱ्यांचा. ओळखायची खूण सोपी: उजव्या हातावर भरपूर केस, डावा हात कोपरापर्यंत तुळतुळीत. नव्या सुरीची पहिली परीक्षा तिथेच होते.

दुसरी वर्तमानपत्राच्या कागदावर, तिसरी टोमॅटोवर. टोमॅटो धरायचा नाही. नुसता ओट्यावर ठेवायचा आणि सुरी आडवी फिरवायची. पण या परीक्षा त्याच्या मते बालवाडीच्या. ‘‘धार काय, पत्र्यालाही लावता येते. टिकते का ते बोला!’’ मग पात्याचा घाट तपासायला बटाटा येतो. काप पात्याला चिकटून बसला की सुरी नापास, किंमत काही का असेना.

पाहुण्यांना काप्पाबाशीच्या भांडीबाजारात हिंडवणं हे काम त्याने स्वतःहून अंगावर घेतलंय. पाहुणा हमखास लाटालाटांच्या नक्षीच्या दमास्कस पात्यापाशी विरघळतो. धारकर त्याला दंडाला धरून पुढे काढतो. ‘‘ती नुसती शेरवानी. कापतं ते आतलं पोलाद.’’ आतलं म्हणजे शिमाने प्रांतातल्या यासुगीचं, शिरोगामी नाहीतर आओगामी. पांढरा कागद, निळा कागद. वेष्टनाच्या रंगावरून पडलेली नावं. निळ्यात क्रोमियम आणि टंगस्टन घातलेलं, त्यामुळे धार जास्त टिकते. पांढरं दगडावर चटकन धार घेतं. एवढं ऐकेपर्यंत पाहुण्याला भूक लागलेली असते.

किमतीवर मात्र त्याचं बोलणं ऐकण्याजोगं. सुऱ्यांच्या साकाई शहरात पातं ठोकणारा एक, घासून धार काढणारा दुसरा, मूठ बसवणारा तिसरा आणि पात्यावरचं नाव पुष्कळदा विकणाऱ्याचं. गिऱ्हाईक नावाला भुलून पैसे मोजतं. धारकर विचारतो, ‘‘घासली कुणी?’’ इथे मी त्याच्या बाजूचा. गाजर सुळकन कापलं जाणार की ताडकन फुटणार, हे धारेच्या लगेच वर पातं किती पातळ उतरवलंय यावर ठरतं, आणि ती करामत घासणाऱ्याची.

वहिनींना या सुऱ्या वापरायची पूर्ण मुभा आहे. फक्त लिंबू-कैरी चिरली तर तिथल्या तिथे पुसायची, सिंकमध्ये ठेवायची नाही, हाडाला लावायची नाही, नारळाचं नाव काढायचं नाही. त्या बापड्या शंभर येनच्या दुकानातल्या सुरीवर संसार करतात.

गणपतीच्या जेवणाला धारकरने आपली ४० हजार येनांची, २१० मिलिमीटरची ग्युतो, म्हणजे शेफची सुरी, आणली होती. कांदा कसा चिरावा ते दाखवायला. तो बशा मोजायला गेला तेवढ्यात पुण्याहून मुलाकडे आलेल्या एका काकूंनी भोपळा पुढ्यात ओढला आणि हाताशी होती ती सुरी उचलली. जपानी काबोचाची साल भलतीच टणक. पातं अर्ध्यात रुतलं. काकूंनी ते सवयीने पिळलं. टिच्च!

वहिनींनी डोळे मिटून घेतले. धारकर धावत आला, सुरी उजेडात धरली, खिशातून भिंग काढलं आणि बराच वेळ पाहत राहिला.

‘‘काकू, धार वळली नाही बघा, तुकडाच उडालाय! म्हणजे पोलादाचा कठीणपणा रॉकवेल ६३ सांगत होता ते खरं. दुकानदार थापा मारत नव्हता.’’

‘‘अरे, पण उडालेला तुकडा गेला कुठे?’’

फोडी तोवर पातेल्यात पडल्या होत्या.

‘‘घाबरू नका. पोलाद आहे, लोहचुंबकाला लागेल,’’ असं म्हणत त्याने हॉलच्या फ्रिजवरचा फुजी पर्वत उचकटला, धुतला आणि एकेक फोड तपासायला बसला. आरती झाली, मंत्रपुष्पांजली झाली, पोरं रडायला लागली. शेवटी फुजीच्या पायथ्याशी एक चकाकता कण सापडला. दुकानदाराला दाखवायचा म्हणून त्याने तो रुमालात बांधून घेतला.

उरलेला भोपळा काकूंनी फरशीवर आपटून फोडला.